इंदूरहून नाशिकच्या द्राक्षबागांपर्यंत मोटारीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली, थंडी पडू लागली, की इंदुरातल्या मराठी घरांमध्ये नाशिकचा विषय निघतो. कोणाला त्र्यंबकेश्वरला जायचे असते, कोणाला द्राक्षबागा आणि वाईनरी पाहायच्या असतात, आणि पुष्कळांना एकाच फेरीत दोन्ही साधायचे असते. आग्रा-मुंबई महामार्गाने हा प्रवास आम्ही अनेकदा केला असल्यामुळे नातलगांचे आणि शेजाऱ्यांचे ठरावीक प्रश्न आमच्याकडे येतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

इंदूर ते नाशिक अंतर किती आहे? एका दिवसात पोहोचता येते का?

अंतर सुमारे ४१५ किलोमीटर आहे. पहाटे निघून जेवणापुरते थांबले, तर सात-आठ तासांत माणूस नाशिकला पोहोचतो. पोहोचता येते की नाही, याविषयी म्हणूनच शंका नाही. आमची हरकत वेगळी आहे. जो प्रवासी सकाळी राऊच्या चौकातून निघून संध्याकाळी थेट गंगापूर रस्त्यावरच्या हॉटेलात उतरतो, त्याने मांडू, महेश्वर, लळिंग आणि चांदवड ही चार ठिकाणे थांबून पाहिलेली नसतात, आणि या सहलीतला निम्म्याहून अधिक आनंद आमच्या मते तिथेच आहे. वाईनरीत फार तर तीन तास जातात. रस्त्याला मात्र दोन दिवस दिले तरी ते थोडे वाटतात.

हा रस्ता कोणकोणत्या प्रदेशांतून जातो?

नकाशावर ही सरळ खाली उतरणारी एक रेघ दिसते. प्रत्यक्षात चार नद्यांची खोरी आणि तीन डोंगररांगा तिने ओलांडलेल्या आहेत. महूच्या आसपासचे पाणी चंबळेला मिळते; तिचा उगम जवळच्याच जानापाव डोंगरावर मानला जातो आणि तिचे पाणी उत्तरेकडे यमुनेला जाते. मानपूरच्या पुढे विंध्याची कड संपून रस्ता निमाडात उतरतो, तेव्हा हवा बदलल्याचे काच खाली केल्याबरोबर कळते, आणि खलघाटला नर्मदा ओलांडली जाते. पुढे जुलवानिया आणि सेंधवा लागतात; सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात सातपुडा ओलांडून रस्ता महाराष्ट्रात, म्हणजे खानदेशात शिरतो. शिरपूरजवळ तापी, धुळ्यात पांझरा, मालेगावला मोसम आणि गिरणा अशा नद्या येतात, आणि चांदवडच्या अलीकडचा राहुड घाट चढून गेले की आपण गोदावरीच्या खोऱ्यात येतो. नर्मदा आणि तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातात, गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले हे जलविभाजक मुलांना एका दिवसात डोळ्यांनी दाखवता येतील असे रस्ते फार थोडे आहेत.

इंदूरकरांसाठी या रस्त्याला आणखी एक अर्थ आहे. सेंधव्याचा किल्ला होळकरांकडे होता, महेश्वर त्यांची राजधानी होती आणि चांदवडला त्यांचा रंगमहाल आहे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच वाटेने, उलट्या दिशेने, माळव्यात आले.

किती दिवस ठेवावेत आणि मुक्काम कुठे करावेत?

चार रात्री ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. पहिल्या दिवशी इंदूरहून धारमार्गे मांडू गाठावे. हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. दिवसभर मांडू पाहून मुक्काम तिथेच करावा, अथवा संध्याकाळी सुमारे ४० किलोमीटरवरच्या महेश्वरला उतरावे. दुसरा दिवस महेश्वरचा. तिसऱ्या दिवशी सकाळी धामनोदला महामार्ग पकडून धुळे, लळिंग, चांदवड असे थांबत संध्याकाळपर्यंत नाशिक गाठता येते. नाशिकला दोन रात्री पुरतात. ज्यांच्याकडे शनिवार-रविवारला जोडून एकच सुट्टी आहे, त्यांनी नाशिकचा हट्ट सोडून मांडू आणि महेश्वर एवढेच करावे. धावत जाऊन धावत परत येण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

मांडू आणि महेश्वर यांपैकी एकच निवडायचे असेल तर कोणते?

पावसाळ्यात मांडू आणि इतर ऋतूंत महेश्वर.

मांडू विंध्याच्या टोकावर वसलेले आहे आणि पावसाळ्यात ढग अक्षरशः महालांतून फिरत असतात. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधला जहाज महाल तलाव भरलेले असतानाच जहाजासारखा दिसतो. एप्रिल-मेमध्ये पाहिलेल्यांना हे नाव का पडले, असा प्रश्न पडतो तो त्यामुळेच. होशंगशहाच्या संगमरवरी मकबऱ्याच्या दारावर १६५९ चा शिलालेख आहे आणि शाहजहानच्या स्थपतींनी येथे येऊन ही वास्तू पाहिल्याची नोंद त्यात आहे. बाजारात ‘मांडू की इमली’ म्हणून जे मोठे, मखमली सालीचे फळ विकायला असते, ते गोरखचिंचेचे असते. मूळ आफ्रिकेतली ही जाड बुंध्याची झाडे मांडूच्या परिसरात ठिकठिकाणी दिसतात, आणि कोणत्याही महालाइतकीच ती थांबून पाहण्यासारखी आहेत.

वाटेत धारला किल्ल्यापाशी अर्धा तास थांबण्यास हरकत नाही. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ मध्ये याच किल्ल्यात जन्मले.

महेश्वरात घाट आणि साड्यांव्यतिरिक्त काय पाहावे?

घाट आणि साड्या यांनाच आधी पुरेसा वेळ द्यावा, असे आमचे उत्तर आहे. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत राज्याचा कारभार याच गावातून चालला. राजवाड्यातली त्यांची बैठक पाहिली की एवढ्या मोठ्या राज्याची गादी किती साधी होती हे लक्षात येते. मातीची शिवलिंगे करून त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा विधी वाड्यात आजही रोज सकाळी होतो. तो पाहायचा असेल तर न्याहारीच्या आधी जावे लागते.

साडीबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण फसगत येथेच होते. खरी माहेश्वरी हातमागावर विणलेली, सुती किंवा रेशीम आणि सूत मिळून केलेली असते. तिच्या काठांवरची नक्षी घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडी कोरीवकामाशी नाते सांगते, आणि चटाई, ईंट, हीरा, चमेली ही नावे विणकरांच्या तोंडी आजही आहेत. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसत असल्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते. त्या काठाला बुगडी म्हणतात. १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्या दांपत्याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या रेहवा संस्थेमुळे मंदावलेल्या या कामाला पुन्हा चालना मिळाली. दुकानात शिरण्यापूर्वी एखाद्या मागापाशी दहा मिनिटे उभे राहावे. विणकर आनंदाने दाखवतात, आणि मग दुकानातला यंत्रमागाचा माल ओळखायला डोळा तयार होतो.

महेश्वरला जाण्यासाठी महामार्गाऐवजी दुसरी वाट आहे का?

आहे, आणि एकदा तरी तिने जावे. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विंध्याच्या अगदी कडेवर जाम दरवाजा उभा आहे. तो अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ मध्ये बांधला गेला. दरवाज्यातून खाली पाहिले की सगळे निमाड पसरलेले दिसते. उतार वळणांचा आहे आणि पावसाळ्यात दाट धुके असते, म्हणून ही वाट दिवसाउजेडीच धरावी.

द्राक्षबागा पाहण्यासाठी कोणता काळ योग्य?

जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. या उत्तरामागचे कारण समजून घेतले तर बाग पाहण्यातली मौज वाढते, म्हणून ते सांगतो.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिची फळे काढतात. नाशिकला वेलीला झोपवील अशी थंडी पडत नाही, ती वर्षभर वाढत राहते. त्यामुळे येथले बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यामुळे पुढच्या फळाची काडी तयार होते, आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यानंतर साधारण चार ते पाच महिन्यांनी, म्हणजे कोरड्या आणि थंड रात्रींच्या दिवसांत, फळ तयार होते. पावसाळ्यात गेलेल्यांना वेली हिरव्यागार दिसतात, पण घड एकही दिसत नाही, आणि ते निराश होऊन परततात. हंगामातच अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. म्हणून आकाश भरून आलेले असताना बागेत फोटो काढत हसत-खिदळत फिरू नये, एवढे भान पाहुण्याने ठेवावे.

वाईनची द्राक्षे आपण खातो ती नव्हेत, हेही अनेकांना ठाऊक नसते. खाण्याची थॉम्पसन सीडलेस टपोरी आणि बिनबियांची असतात. शेनिन ब्लाँ, सोविन्याँ ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोविन्याँ या वाईनच्या जातींचे मणी लहान, बियांचे आणि तुलनेने जाड सालीचे असतात. तांबड्या वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतूनच येतो.

कोणत्या वाईनरीला जावे?

गंगापूर धरणाच्या परिसरातली सुला ही सर्वांत परिचित. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात येथे वाईनच्या जाती लावल्या आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली. नाशिकला वाईनसाठी लोक येऊ लागले ते प्रामुख्याने त्यानंतर. याच भागात यॉर्क आणि सोमा आहेत, इगतपुरीच्या बाजूला संजेगावला ग्रोव्हर झांपा आहे, आणि विंचूरला शासनाने उभारलेले वाईन पार्क आहे. एका दिवसात दोनपेक्षा अधिक वाईनरी करू नयेत. तिसरीपर्यंत जिभेला काही कळेनासे होते आणि माहिती सांगणारा तेच तेच सांगतो आहे असे वाटू लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक मोठी आणि एक लहान अशी जोडी करावी: मोठ्या ठिकाणी टाक्या, पिंपे आणि बाटल्या भरण्याची यंत्रे नीट पाहायला मिळतात, लहान ठिकाणी गप्पा होतात.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, म्हणून मंगळवार ते गुरुवार उत्तम. २६ जानेवारीची सुट्टी साधून जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या दिवशी महाराष्ट्रात मद्यविक्री बंद असते. एका वर्षी आम्ही स्वतः हीच चूक केली होती. बाग पाहिली, द्राक्षे खाल्ली आणि चव न घेताच परत फिरलो.

चव घेतल्यावर गाडी कोणी चालवावी?

ज्याने चव घेतली नाही त्याने. यात तडजोड नाही. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास तो गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चव घेण्यासाठी दिले जाणारे घोट लहान असले तरी पाच-सहा प्रकारांचे मिळून ते पुरेसे होतात. सर्वांनाच चव घ्यायची असेल तर गाडी हॉटेलवर ठेवून स्थानिक टॅक्सी करावी. महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वय २१ आहे. कॉलेजातल्या मुलांना सोबत नेणाऱ्या पालकांनी हे आधीच सांगून ठेवावे.

येताना वाईनच्या बाटल्या इंदूरला आणता येतात का?

आणू नयेत. मद्यावरील अबकारी हा राज्यांचा विषय आहे आणि महाराष्ट्रात कर भरलेली बाटली परवान्याशिवाय मध्य प्रदेशात आणल्यास कारवाई होऊ शकते. ‘दोनच तर बाटल्या आहेत’ हे उत्तर सीमेवर चालत नाही. सापुताऱ्यामार्गे गुजरातेतून परतण्याचा बेत असेल तर विचारच करू नये, कारण तिथे दारूबंदी आहे. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर आणि उज्जैन यांसह मध्य प्रदेशातल्या काही धार्मिक गावांतली दारूची दुकाने आणि बार बंद करण्यात आले आहेत. तेव्हा महेश्वरच्या घाटावर बसून नाशिकची वाईन पिण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल, तर ती तिथेच सोडून द्यावी. घरी आणायला बेदाणे आणि नाशिकचा चिवडा आहे.

घरातली वडीलधारी माणसे वाईन घेत नाहीत. त्यांना हा प्रवास रुक्ष वाटेल का?

मुळीच नाही, आणि त्यांना मागे ठेवून जाऊ नये. पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर आणि त्र्यंबकेश्वर ही त्यांची ओढ असते. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, आणि १९३५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. बाबासाहेबांचा जन्म आपल्या महूचा. महूजवळून जाणाऱ्या या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात येवला आहे, हे नातवंडांना सांगायला आजी-आजोबांइतके योग्य कोणी नाही. येवला पैठणीचेही गाव असल्यामुळे महेश्वरला साडी घेतलेल्यांना तिथे पुन्हा मोह होतो; खर्चाचा अंदाज त्या हिशोबाने धरावा.

डोंगर चढायची आवड असणाऱ्यांसाठी वाटेत काय आहे?

धुळ्याच्या दक्षिणेला महामार्गाला लागूनच लळिंगचा किल्ला आहे. चढ तासाभराचा असला तरी सावली नाही, म्हणून सकाळीच चढावा. नाशिकच्या जवळ रामशेज सोपा आहे, अंजनेरीला अर्धा दिवस लागतो. हरिहरच्या कातळात खोदलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या छायाचित्रांमुळे फार प्रसिद्ध झाल्या आहेत, पण सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, आणि तो प्रकार धोक्याचा आहे. नवख्यांनी त्या दिवशी तिकडे जाऊ नये. केवळ फेरफटका हवा असेल तर पांडवलेणी पुरे: शहराच्या दक्षिणेला महामार्गालगतच २४ लेणी आहेत, आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा सातवाहन काळातला शिलालेख आहे.

इंदूरच्या बाजूला पाताळपाणी आणि तिंछा ही पावसाळ्यातली आवडती ठिकाणे आहेत. तिथे पाण्यात उतरू नये. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि काठाजवळच्या खडकावरची माणसे वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडलेला खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही.

घाटांत गाडी चालवताना काय सांभाळावे?

धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट कुप्रसिद्ध आहे. लांब उतारावर अवजड ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात आणि ट्रक पुढच्या वाहनांवर जातात; तिथे अपघातांची मालिका झाल्यामुळेच वेगळा वळणरस्ता बांधला गेला. तेव्हा फलक वाचून योग्य रस्ता धरावा. उतारावर ट्रकाच्या अगदी पुढे राहू नये, आणि स्वतःची गाडी ब्रेकवर न ठेवता खालच्या गिअरमध्ये ठेवावी. बिजासन घाट रात्री टाळावा. फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसी आणि विमा ही कागदपत्रे तपासून निघावे. एम.पी. ०९ ची, म्हणजे इंदूरची, पाटी पाहून धुळे-मालेगावकडे गाडी थांबवली जाते, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते, पण कागद चोख असतील तर दोन मिनिटांत सुटका होते, असा आमचा अनुभव आहे.

वाटेत जेवणाचे काय?

धुळे-शिरपूर पट्ट्यात खानदेशी शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. शेवेवर जीव असलेल्या इंदूरकराने शेवभाजी न खाता खानदेश ओलांडणे बरे दिसत नाही. मात्र रस्सा आपल्या सवयीपेक्षा जहाल असतो. नाशिकला मिसळ, शक्यतो शहराबाहेर मळ्यात बसून. हंगामात पिंपळगाव बसवंतच्या आसपास ताजी द्राक्षे मिळतात. घेताना घडाचा देठ हिरवा आहे का ते पाहावे.

परतीसाठी दुसरा रस्ता सुचवाल का?

एक दिवस हाताशी असेल तर जळगाव, बऱ्हाणपूर, खंडवा मार्गे यावे. बऱ्हाणपूरला १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यू झाला, आणि तिथला कुंडी भंडारा, म्हणजे सातपुड्यातले पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणण्याची मोगलकालीन व्यवस्था, पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बऱ्हाणपूर ते इंदूर हे सुमारे १८० किलोमीटर आहे. असीरगडावर थांबायचे असेल तर सकाळी लवकर निघावे, कारण चोरलच्या घाटात संध्याकाळी ट्रकांची रांग लागते.

रेल्वेने जाणे सोपे नाही का?

या वाटेने आज थेट रेल्वे नाही. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो होईपर्यंत रस्ताच.

सिंहस्थाच्या काळात ही सहल करावी का?

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आणि उज्जैनचा २०२८ मध्ये आहे. स्नानाच्या पर्वांच्या आसपास नाशिकला केवळ बागा पाहण्यासाठी जाऊ नये. खोल्या मिळत नाहीत आणि शहरात वाहनांना ठिकठिकाणी अडवले जाते. त्या वर्षी जायचेच असेल तर द्राक्षांच्या हंगामात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, आणि मुक्काम शहराऐवजी दिंडोरी किंवा इगतपुरीच्या बाजूला ठेवून जावे.